दोन कान आणि चाकणची भिकबाळी

आता काय सांगू तुम्हाला! हा कान बघा. आता हा बघा. दोन्हींना वरच्या बाजूला एकेक भोक दिसतंय ना? हा माझ्या गाढवपणाचा दाखला.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्याच एकात मी टर्नर. लग्न ठरलं चाकणच्या मुलीशी. साखरपुड्याला आठ दिवस उरले तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "तुझे सासरे साखरपुड्यात तुला भिकबाळी घालणार हायेत. ती म्हणे..."

"कळलं!"

"अरं, पुढचं तर ऐक!"

"आई, मी ड्रॉइंग वाचून लोखंड कापतो. मला भिकबाळी शिकवू नकोस!" असं म्हणून सायकल काढली ती थेट चिंचवडच्या सोनाराकडे.

सोनार म्हणाला, "कोणता कान?"

झाली पंचाईत! डोळ्यांपुढे मामा आणला. मामाची भिकबाळी मला नेहमी डाव्या हाताला दिसायची. "डावा," मी ठणकावून सांगितलं.

"डावा? घरी विचारलंय ना?"

"टोचा हो तुम्ही!"

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. त्यानं टोचलाही, पण अक्कल काही आली नाही. पाळी टोचणं वेगळं आणि वरचा कडक भाग टोचणं वेगळं, हेसुद्धा आधी विचारायचं असतं, राव! तिसऱ्या दिवशी कानाचा बटाटेवडा झाला. कारखान्यात जो तो वैद्य! एक म्हणे हळद लाव, एक म्हणे खोबरेल, एक म्हणे कडुलिंबाची काडी घाल.

शेजारच्या मशीनवरचे मावळातले धोंडिबा तेवढे गप्प होते. मग म्हणाले, "सूज उतरंल. पन भिकबाळी उजव्या कानात असती, भावा."

"माझा मामा डाव्या कानात घालतो!"

"मामा तुज्या म्होरं बसतो का शेजारी?"

मी धोंडिबांच्या समोर उभा राहून बघितलं. समोरच्या माणसाचा उजवा कान आपल्या डावीकडे येतो! आणि म्हणे मी ड्रॉइंग वाचतो!

त्याच संध्याकाळी उजवा टोचला. सोनार एक अक्षर बोलला नाही. हसला असता तर बरं झालं असतं!

साखरपुड्याला दोन्ही कान टम्म. फेटा कानांवरून खाली उतरेना. चाकणच्या बायकांत कुजबुज सुरू झाली, "कानाचं जुनं दुखनं दिसतंय. पोरगी फसंल." सासऱ्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आधी खरं सांगा, पोरगं भैरं तर न्हाई ना? तसं असंल तर आमी असंच माघारी जातो."

लग्न चाललं हो हातातून! मी ओरडलो, "भिकबाळीसाठी टोचलेत!"

सासऱ्यांनी डबी उघडली. "आवो, ही चापाची हाय! कारखान्यातल्या मानसाला टोचायचा ताप नगं म्हनून मुद्दाम करून घेतली. तुमच्या आईला सांगितलं हुतं की!"

मी आईकडे पाहिलं. आई आढ्याकडे पाहत म्हणाली, "म्या सांगत हुते, पन ह्यो पुढचं ऐकतोय कुटं!"

सासऱ्यांनी तो चाप माझ्या सुजलेल्या उजव्या कानावर दाबून बसवला. मी "आई गं!" म्हणून अशी बोंब ठोकली की बाहेरचे बैल बुजले.

तेवढ्यात खाली मान घालून बसलेली नवरी फिस्सकन हसली आणि तिच्या आईला म्हणाली, "भैरं न्हाई गं. पन कानाला एवढी भोकं पाडली, तरी आईचं एक वाक्य आत गेलं न्हाई!"