ओझेलाच्या अंगणातला फुटबॉल

बेलफोर्डच्या जुन्या स्टेडियममागच्या गल्लीत ओझेला टॉलिव्हरचं घर होतं, आणि घरापुढे दहा-बारा गाड्या सहज मावतील एवढं अंगण. शनिवारी हॅम्बलिन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की ओझेला सकाळीच लाल टोपी चढवून रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि झाडूच्या दांड्याने खुणा करत प्रेक्षकांच्या गाड्या अंगणात लावून घ्यायची. "आणखी मागं घ्या. आणखी. अहो, ते झाड आहे, ते बाजूला व्हायचं नाही."

हा उद्योग तिने काही ठरवून सुरू केला नव्हता. नवरा क्लेमंट हयात होता तेव्हाची गोष्ट. हॉलिस पार्डू नावाच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्याची गाडी ऐन सामन्याच्या वेळी तिच्या दारात तापून बंद पडली. त्याची बायको जीन रडकुंडीला आली होती. ओझेला म्हणाली, "गाडी ढकला आत आणि तुम्ही जा सामन्याला. गाडी कुठं पळून जात नाही." ते परत येईपर्यंत क्लेमंटने गाडीची फुटकी नळी बदलून ठेवली होती. पुढच्या शनिवारी हॉलिस पुन्हा हजर. बरोबर दोन मित्रांच्या गाड्या आणि धुरावर शिजवलेल्या डुकराच्या बरगड्यांचं भलंमोठं भांडं.

तिथून जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. क्लेमंट गेला, ओझेला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातून निवृत्त झाली, पण शनिवार काही सुटले नाहीत. माणसं तीच. त्यांची लग्नं, बाळंतपणं, ऑपरेशनं सगळी त्या अंगणातच तिच्या कानावर आली. मंडळी सामन्याला गेली की ती खुर्ची टाकून गाड्या राखत बसायची. छपरांवरून आरोळी आली की समजायचं, आपल्या कुणीतरी चेंडू काखेत मारून शेवटची रेघ गाठली. लांब सुस्कारा आला की समजायचं, चेंडू हातातून निसटला. हॅम्बलिनच्या संघाचं नाव 'बगळे', आणि सुस्कारेच जास्त यायचे.

शेजारच्या घरात तिची धाकटी बहीण व्हर्नेल राहायची. ती शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिच्या कुंपणालगत अझेलियाची फुलझाडं होती, आणि परगावचे प्रेक्षक तिथं आडोसा शोधत यायचे. म्हणून नगरपरिषदेने गावाच्या मध्यभागी नवं स्टेडियम बांधायचं काढलं, तेव्हा आनंद झालेली गल्लीतली ती एकटीच.

"जुन्यात माणसं मावतात सत्तर हजार आणि येतात पंधरा हजार," व्हर्नेल कुंपणापलीकडून म्हणाली. "टीव्हीवर नुसते रिकामे बाक दिसतात. कोणता गुणी पोरगा येईल असल्या कॉलेजात खेळायला?"

"बाक बघून पोरं येत नसतात, जिंकणारा संघ बघून येतात. चेंडू निसटतो तो काय बाकांमुळं?"

"ज्याला तो धरता येतो, तो पोरगा आधीच दुसऱ्या राज्यात गेलेला असतो, म्हणून निसटतो."

ओझेलाने लगेच विषय व्हर्नेलच्या बटाट्याच्या सॅलडवर नेला. त्यात मनुके घालणाऱ्या बाईने इतरांना अक्कल शिकवू नये, असं तिचं म्हणणं पडलं. चार दिवस दोघी बोलल्या नाहीत.

नगरपरिषदेने लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. गल्लीच्या मंडळाने ओझेलाला विरोधात बोलायला उभं केलं, आणि व्हर्नेलने बाजूने बोलायला स्वतःच नाव दिलं. व्हर्नेलला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे दोघी ओझेलाच्याच गाडीतून गेल्या. वाटेत व्हर्नेल एवढंच बोलली, "लाल दिवा आहे."

सभेत आधी कॉलेजचा प्रशिक्षक बोलला. खेळाडू निवडायला म्हणून पोराला बोलावलं की बरोबर त्याची आई येते, ती गळकं छप्पर आणि तुंबलेली न्हाणीघरं बघते आणि पोराला घेऊन जाते, असं त्याने सांगितलं. ओझेलाला ते पटलं, आणि पटलं याचा रागही आला. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "न्हाणीघरं दुरुस्त करा की. त्यासाठी अख्खं स्टेडियम उचलून न्यायला कशाला हवं? शनिवारी आमच्या गल्लीत कुणी मासे तळतं, कुणी सरबत विकतं. बाहेरची माणसं आमच्या दारात येऊन जेवतात. हेसुद्धा कॉलेजच्या फुटबॉलमध्येच धरा."

प्रुइट नावाचे सदस्य चष्म्यावरून बघत म्हणाले, "ओझेलाबाई, तुम्ही स्वतः किती सामने पाहिलेत?"

"एकही नाही."

सभागृहात हशा पिकला. ओझेला शांतपणे म्हणाली, "मी आत गेले तर गाड्या कोण बघणार?" हशा आणखी वाढला, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली.

पुढची पाळी व्हर्नेलची. ती हातातला कागद न उघडताच प्रुइटांकडे वळली. "हसायला काय झालं तुम्हाला? तीस वर्षं हिनं परक्यांच्या गाड्या राखल्या म्हणून ते निवांत सामना बघू शकले. तुम्हाला पाचवीत मीच शिकवलंय. वर्गात दुसऱ्यावर हसलं की काय शिक्षा असायची, आठवतंय ना?" प्रुइटांनी चष्मा काढून पुसायला घेतला. व्हर्नेल त्यांच्या पाचवीतल्या निबंधापर्यंत पोचली आणि घंटा वाजली. स्टेडियमबद्दल तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता.

परत येताना ओझेलाने विचारलं, "बाजूनं बोलणार होतीस ना तू?"

"वेळ संपली."

ओझेलाला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. व्हर्नेल आधी फुरंगटून बसली, मग तीही हसायला लागली.

ठराव मात्र मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

नवं स्टेडियम उभं राहिलं. पहिल्या शनिवारी ओझेला सवयीने टोपी घालून बाहेर आली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मासे तळणारीने आपली गाडी केव्हाच नव्या जागी हलवली होती. ओझेला पायरीवर बसली. खुर्ची काढावीशी तिला वाटेना. तेवढ्यात जीन पार्डूचा फोन आला. "ओझेलाबाई, आहात कुठं? हॉलिसनं तुमचं तिकीट काढून ठेवलंय. तुमच्या बहिणीचंही."

आत गेल्यावर ओझेला आधी हिरव्यागार मैदानाकडे नुसती बघतच राहिली. हे एवढं सुंदर असेल हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग खेळ सुरू झाला आणि ती वैतागली. "अगं, हे सारखे थांबतात का? चार पावलं पळतात आणि मग उभे राहून गप्पा मारतात. घरून ऐकताना बरं वाटायचं."

"गप्प बस आणि बघ," व्हर्नेल म्हणाली. उन्हाने तिचं डोकं दुखायला लागलं, आणि मध्यंतरानंतर पार्डूंनी तिला घरी सोडलं. ओझेला हलली नाही. शेवटच्या क्षणी बगळ्यांच्या एका पोराने हातात आलेला चेंडू सोडला आणि सामना गेला. त्या सुस्काऱ्यात या वेळी ओझेलाही होती.

घरी परतायला ओझेलाने बस धरली, तिथं कॉलेजची तीन-चार मुलं मागे बसून प्रशिक्षकाला दोष देत होती. ओझेला मागे वळली. "त्याला कशाला बोल लावता? पोरानं चेंडू धरायच्या आधीच पळायला सुरुवात केली."

"तुम्ही नेहमी येता सामन्यांना?" एकाने विचारलं.

"तीस वर्षं," ओझेला म्हणाली, आणि वाद घालत घालत आपल्या थांब्याच्या दोन थांबे पुढे गेली.