कोऱ्या पत्र्याचा कॉम्प्रेसर

आमच्या भागातल्या दारांवर, लिफ्टमध्ये आणि दवाखान्यांच्या भिंतींवर ज्या पाट्या दिसतात, त्यातल्या निम्म्या मी कोरलेल्या आहेत. पितळ असो की ॲल्युमिनियम, माझं अक्षर वाकडं जात नाही. आणि माझ्या सख्ख्या भावाने स्वतःच्या हातांनी जे यंत्र बनवलं, त्याचा पुढचा पत्रा मात्र कोरा. सहा नॉब, एक काटा, आणि अक्षर म्हणून एकही नाही.

दादा आमच्या मामांच्या स्टुडिओत काम करतो. बाबा गेले तेव्हा मामांनी आम्हाला जवळ आणलं, आईला घर पाहून दिलं, माझी फी भरली आणि शाळा संपताच दादाच्या कानांवर हेडफोन चढवून त्याला शेजारी बसवलं. यातलं काहीही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. दुकानांच्या जाहिराती, शाळांची समूहगीतं, ‘कृपया रांगेत उभे राहा’ छापाच्या सूचना, हे दादाचं काम. खोलीला खिडकी नाही. भिंतींना करडा फोम आणि दार इतकं जाड की ते लागलं की स्वतःचाच श्वास ऐकू येतो. बाहेर पाऊस येऊन गेला हे दादाला घरी येताना डबक्यांवरून कळतं.

त्याला आमच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं होतं. गाणी, फक्त गाणी. एक गायिका तर आपली सगळी गाणी त्याच्याचकडे करायला तयार होती. अडलं होतं एका यंत्रापाशी, ‘बस कॉम्प्रेसर’ म्हणतात त्यापाशी. गळा, ढोल, तारा, सगळे आवाज वेगवेगळे नीटनेटके करून झाले की शेवटी ते एकत्र या यंत्रातून जातात. जो फार चढतो त्याला ते दाबतं, आणि मग सगळे एकाच खोलीत बसून गातायत असं वाटतं. विकतचा इतका महाग, की दुकानदारसुद्धा किंमत हळू आवाजात सांगतो. म्हणून दादाने घरीच बनवायला घेतला.

जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची गन आली आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. आईला भाजीत सापडलेली बारीक तार तिने त्याच्याच ताटात ठेवली. कॉम्प्रेसरची पेटी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा फ्यूज उडाला. मग फ्यूज टिकला, पण पेटी घुमायला लागली. कान लावला की आत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. दादाने सगळ्या तारा पुन्हा जोडल्या, हात टेकले, रुसून बसला. शेवटी आतला ट्रान्सफॉर्मर त्याने सैल करून जागच्या जागी थोडा फिरवला, आणि घुमणं थांबलं. गाणं लावलं. आवाज चढला की काटा मागे झुकायचा, उतरला की परत जागेवर. दादा हसला. तो असा हसतो हे मी विसरूनच गेले होते.

“पत्रा दे, नॉबची नावं कोरते,” मी म्हटलं.

“नको. नावं दिसली की मामा वापरायला लागतील. कोरा असला तर हात लावणार नाहीत.”

केवढी ही हुशारी! मामा आले, त्यांनी उभ्याउभ्या एक गाणं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. “सोनं केलंस रे पोरा. दोन दिवस स्टुडिओत लावून बघू?” दादाच्या तोंडून ‘नाही’ निघालंच नाही. त्याने स्वतः उचलून पेटी नेली, स्वतःच्या हाताने रॅकमध्ये स्क्रू पिळले. गिऱ्हाइकांना तो आवाज आवडला आणि दोन दिवसांचं कायमचं झालं. मामांनी नॉबना हात लावलाच नाही. ते दादालाच हाक मारायचे.

आता दादाला आजारी पडायचीही सोय राहिली नाही. तापाने फणफणत असताना फोन आला. ढोल वाजला की गाणारीचा गळा दबतोय, म्हणे.

“मामा, शेवटचा नॉब. थोडा डावीकडे घ्या. नाही, नाही, उजवा हात खाली ठेवा. शेवटचा म्हणजे काट्यापासून शेवटचा!” असं बराच वेळ चाललं आणि शेवटी हा पठ्ठ्या अंगात स्वेटर चढवून निघाला. मागच्या खोलीत आईने गाद्या रचून ठेवल्या. गायिकेचा पुन्हा फोन आला. ती भली बाई म्हणाली, या महिन्यात सुरू होत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे बघते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. “पत्रा काढून आण. मी एकेक नाव कोरते. मामांना वाचता येतं. पेटी त्यांना देऊन टाक, केलेल्या सगळ्याची परतफेड समज हवं तर. तू दुसरी बनव आणि सूट तिथून!”

दादा नखाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “बरं.”

स्टुडिओच्या सुट्टीच्या दिवशी तो पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दुकानात आला. मी तो मशीनवर बसवला. तो नाव सांगायचा, मी कोरायची. थ्रेशोल्ड. रेशो. पांढरी अक्षरं झळकायला लागली आणि मला वाटलं, सुटला माझा भाऊ. मनातल्या मनात मी गाद्या उचलून पुन्हा आईच्या खोलीत टाकल्यासुद्धा.

शेवटच्या नॉबच्या भोकाखाली सुई आणली. “याचं काय?”

दादा वर्तमानपत्राची घडी घालायला लागला.

“अरे, बोल ना.”

“तो राहू दे.”

“राहू दे म्हणजे?”

“कोराच असू दे.”

“ढोलाने गळा दबू नये म्हणून हाच ना? हा चुकला तर बाकीचे काय चाटायचेत?”

“म्हणूनच,” तो पत्र्यावरून हात फिरवत म्हणाला. “काही अडलं तर मामा फोन करतील.”

मला इतका राग आला की मी खटकन मशीन बंद केलं. मग रडूच आलं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात मामांशी भांडत होते, आणि ते दार तर दादानेच आतून लावलेलं होतं. दादाने पत्रा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

“हो मामा,” तो म्हणाला, “निघालोच.”