स्टिंगरे पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्याला आजवर एकाच स्थळाकडून नकार आला आहे, आणि ते स्थळ मासा होतं.

मी निवृत्त झालो, मुलगी नोकरीला चेन्नईला गेली आणि घर खायला उठलं. म्हणून मी गोड्या पाण्यातला स्टिंगरे पाळायचं ठरवलं. (चपटा, गोल, शेपटीला विषारी काटा. घरी मी फक्त 'गोल' एवढंच सांगितलं.) बायकोनं, सुमतीनं, न कुरकुरता वीणेचा कोपरा रिकामा करून दिला. तिथे तीन फुटी टाकी बसवली. आता जात कुठली आणायची, एवढंच ठरायचं होतं.

"एकटा जाऊ नक्को!" आत्या म्हणाली. ऐंशी उलटली तरी घरातल्या सोयरिकी तीच जुळवते. "घरात येणारं चौघांनी बघून आणायचं असतं."

राहुकाळ टाळून आम्ही तिघं ऑटोनं पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेलो. आत्यानं बज्जीसुद्धा बांधून घेतली! (मुलगी बघायला गेलं की बज्जी खरं तर मुलीकडचे देतात. पण मासेवाल्याचा काय भरवसा?)

पहिला मोटोरो, तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके. "फार नटलाय," आत्या म्हणाली. दुसरा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. "मिजास बघ, वळून बघत नाही!" तिसरा टीकप, चहाच्या कपाएवढा. सुमती विरघळलीच. "अय्यो, किती बारकं! हेच घेऊंया."

"खातो काय?" आत्यानं विचारलं.

"कोळंबी, गांडुळं."

आत्यानं पुढे केलेली बज्जी मागे घेतली.

आम्ही वळण विचारलं, तब्येत विचारली, आईबाप कुठले तेही विचारलं. मोठा होऊन केवढा होणार, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मी ऐटीत म्हणालो, "पसंत!"

"सरि सार," मासेवाला मान डोलावत म्हणाला. "आता मी तुमचं घर बघतो."

संध्याकाळी तो टेप घेऊन हजर! टाकी मोजली, मान हलवली. "नावावर जाऊ नका सार. हा जेवणाच्या ताटाएवढा होतो. इथं त्याला वळतासुद्धा येणार नाही. मी देणार नाही."

"आमच्या मुलात खोट काय काढली?" आत्या कडाडली. मी सहा फुटी टाकी आणायचं कबूल केलं. त्यानं शांतपणे हॉल मोजला, पुन्हा नकारार्थी मान हलवली आणि निघून गेला.

खरं सांगतो, मला रडूच येत होतं. सुमती आमच्या स्वयंपाकघरातून (तिथे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं) कॉफी घेऊन आली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भला माणूस हो! आपलं लग्न ठरवताना माझ्या अप्पांनी टेप आणला असता तर?"