एको टाकलेला गेम

टीव्हीवर पुन्हा तीच ओळ आली. टेप लोडिंग एरर. अमळनेरच्या मुलींच्या शाळेतला हॉल. पुढच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष नाना, मागे सतरंजीवर नववीच्या पोरी. आणि मी, जळगावच्या डीलरचा सर्व्हिस इंजिनिअर, मान खाली घालून टेपरेकॉर्डरची बटणं दाबतोय. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

तेव्हाचा घरगुती कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाडसर कीबोर्ड. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवरून चढवायचा. कॅसेट लावली की बराच वेळ कानात किर्र आवाज, मग गेम सुरू. मशीन बंद केलं की सगळं पुसलं. उद्या पुन्हा किर्र.

हे मशीन आणवलं होतं गणिताच्या देवरे बाईंनी. वर्षभर संस्थेच्या मागे लागून लागून, तेही ट्रायलवर. आज नानांना पटलं तर शाळेत कॉम्प्युटरचा वर्ग. नाही पटलं तर मशीन माझ्याबरोबर संध्याकाळच्या एसटीनं परत. नाना कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक. एकदाच बघेन, परत विचारायला यायचं नाही, असं त्यांनी बाईंना आधीच ठणकावलं होतं.

मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं. वायर बदलली. व्हॉल्यूम कमी-जास्त करून पाहिला. एरर. शेवटी वायर काढून कॅसेट नुसती ऐकली आणि कपाळाला हात लावला. आवाज चक्क गोड येत होता. लग्नातल्या लाउडस्पीकरसारखा घुमत होता.

बाईंना विचारल्यावर उलगडा झाला. ओरिजिनल खराब होऊ नये म्हणून त्यांनी बाजारातल्या कॅसेटवाल्याकडून कॉपी करून घेतली होती. चांगली वस्तू जपून ठेवायची आणि वापरायला दुसरी काढायची, हा आपल्याकडचा घरोघरचा रिवाज. ओरिजिनल अजून दुकानातच पडली होती. मी तसाच बाजाराकडे सुटलो.

हा कॅसेटवाला अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायचा. काय करून ठेवलंस बाबा, असं मी तावातावानं विचारलं. तो उलट खूश झाला.

"भाऊ, आवाज नुस्ता किरकिर करे. मी साफ करी दिधा. वरतून मस्त एको टाका."

त्या किरकिरीत लांब आणि आखूड टोले असतात, कॉम्प्युटर तेच ओळखत जातो. एको टाकला, म्हणजे आवाज घुमवला, की एका टोल्यावर दुसरा चढतो आणि त्याला काही म्हणजे काही कळत नाही. पण हे त्याला काय सांगणार? बिचाऱ्यानं जीव ओतून काम केलं होतं. ओरिजिनल घेतली आणि पळत निघालो. नाना आता थांबले असतील कशाला, हेच डोक्यात.

हॉलच्या दारात पोचलो तर आतून नानांचा आवाज. "अडीचशे!"

मागाहून कळलं, मी गेल्यावर नाना खरंच उठले होते. बाईंनी त्यांना हातापाया पडून बसवलं आणि स्वतःच कीबोर्डवर एक गेम टाईप केला. दहा-बारा ओळींचा. कॉम्प्युटर हजारच्या आतला एक आकडा मनात धरतो, तो आपण ओळखायचा. तो फक्त जास्त की कमी एवढंच सांगतो. चित्र नाही, आवाज नाही. पण नानांचा जन्म कापसाच्या सौद्यात गेलेला, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात. खुर्ची पुढे ओढून ते थेट टीव्हीशी सौदा करत होते. दर वेळी उरलेल्याच्या निम्म्यावर यायचे. आकडा सापडला तशा पोरींनी टाळ्या पिटल्या.

नाना बाईंकडे वळले. हे आत्ता, इथंच बसून लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसेना. "हाई तुम्हीन लिखं? आते, आठे बशीसन?"

"हो, नाना."

"मंग पोरी बी लिखतीन?"

"त्याच्यासाठीच तर वर्ग मागतेय."

नाना उठले. जाताना शिपायाला सांगून गेले, कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली बाईंकडे दे. बाईंचे डोळे भरून आले. तशाच त्या फळ्याकडे वळल्या आणि गेमची पहिली ओळ लिहायला लागल्या. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

पुढे धुळे, शिंदखेडा, धरणगाव असे पुष्कळ डेमो केले. भारी भारी गेम बॅगेतच ठेवायचो. शाळेतल्याच कुणाला तरी चार ओळी टाईप करायला लावायचो आणि मी चहाला बाहेर जायचो. डेमोच्या वेळी इंजिनिअर हॉलमध्ये नसलेलाच बरा.