पाय धुवायचं पाणी
परवा लॅपटॉपवर त्या जुन्या विनोदी कार्टूनचा अगदी सुरुवातीच्या काळातला एक भाग लावला आणि ती धून वाजताच मला जव्हारच्या घरातली होळीआधीची एक संध्याकाळ आठवली. आईबाबा शाळेत शिकवून यायचे होते, म्हणून सोबतीला शेजारची मावशी बसली होती, आणि खिडकीतून मोहाच्या फुलांचा गोडसर वास येत होता. सणासाठी वीटभट्टीवरची माणसं जिपा भरभरून परतत होती, पण मावशीच्या नवऱ्याचा निरोपही नव्हता. मी एरवी कुणाशी फारसं बोलत नसे, पण टीव्हीवर लागलेला हाच भाग इंग्रजीत होता, म्हणून तिला अडखळत सांगत होते की बाप भांडून घरातून गेलाय आणि पोरं वाट बघतायत. तेवढ्यात लाइट गेली. “मंग बाय, आला का तो घरा?” मावशीने अंधारातच विचारलं. पुढचं मला तरी कुठे ठाऊक होतं! “आला,” मी म्हणाले. “पाय धुवाया पाणी दिला त्याला?” “हो, बायकोने तांब्या आधीच भरून ओट्यावर ठेवला होता.” “शानी हाय बाई,” म्हणून ती हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर मावशीच्या ओट्यावर भरलेला तांब्या होता. होळीच्या सकाळी तो रिकामा दिसला, आणि शेजारी विटांच्या धुळीने लाल झालेल्या चपला. परवा तो भाग मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. बाप परत येतो खरा, पण बुटांसकट थेट सोफ्यावर जाऊन बसतो. मावशीने त्याला दारातच अडवलं असतं.