दोघांपुरती खोली

मार्शल डाबरे वसईचा. मस्कतला एसीच्या कंपनीत तो सुपरवायझर झाला, तरी त्याच्या अल् खुवैरच्या घरात हॉलमधली गादी कधी उचलली गेली नाही. गावाहून नोकरीला आलेला प्रत्येक जण आधी तिथेच उतरायचा, आणि मार्शलची बायको आल्बिना त्याला सख्ख्या भावासारखं जेवू घालायची.

दोन हजार सहा साली लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. त्यानिमित्त रोमला जायचं आणि चार दिवस तिथल्या एखाद्या शेतावर राहायचं ठरलं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मार्शल कॉम्प्युटरसमोर बसला.

"हे बघ, स्वस्तात मस्त! तीन खोल्या, मोठं किचन. आपलं आपण करून खायचं."

"तीन खोल्या कुणाला?"

"असू दे गं, कोणी आलं तर!"

"इटलीत कोण येणार? तुझा मावसभाऊ?" आल्बिना खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "तिथंही मीच रांधू का रे?"

मार्शल चपापला. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून त्यानेही कधी विचारलं नव्हतं. तो पुन्हा शोधायला लागला. शेवटी टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात एक खोली सापडली. टीव्ही नाही, स्विमिंग पूल नाही, म्हणून भाडं परवडणारं. स्वयंपाक मालकीणबाई करणार होत्या.

"काय वाढतील कोण जाणे," तो म्हणाला.

"आयतं मिळतंय ना? मग कारलंही चालेल!"

मार्शलने मालकीणबाईंना ईमेल लिहिला: आम्ही दोघंच येतोय. माझ्या बायकोने आजवर सगळ्यांना वाढलं. तिला बसवून वाढा.