दाजींची जित्ती भाजी

आमच्या दाजींइतका माणसाला दमवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. दोन वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो, जेवलो, पण त्यांनी कधी मला एक काम सांगितलं नाही की कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला फक्त फ्लॉवरची भाजी खाऊ घातली. ज्यानं ती खाल्ली नाही त्याला मी काय म्हणतो ते कळायचं नाही, आणि ज्यांनी खाल्ली त्यातले बहुतेक जण त्या विषयावर बोलायला तयार नसतात.

एकोणसत्तर साल असेल. आयटीआय करून मी कोपरगावात एका वर्कशॉपात लागलो आणि आक्काकडे राहायला गेलो. दाजी विहिरीवरची इंजिनं आणि मोटारी दुरुस्त करायचे. कालव्याच्या पट्ट्यात त्यांच्या हाताला नाव होतं. बिघडलेल्या इंजिनाशेजारी ते नुसते डोळे मिटून उभे राहायचे, आवाज ऐकायचे आणि काय गेलंय ते सांगायचे. थंडी पडली की शेतकरी मजुरीच्या वर खुशीनं दोन-चार फ्लॉवरचे गड्डे द्यायचे. संध्याकाळी दाजींची सायकल दाराशी लागायची, हँडलला दोन्हीकडे पिशव्या आणि पिशव्यांतून वर आलेला हिरवा पाला. तो पाला दिसला की आक्का पदराला हात पुसत आत निघून जायची. फ्लॉवर तेव्हा आमच्यात नवाच होता. आमच्या आईनं तर त्याला अळंबीचा भाऊबंद समजून शेवटपर्यंत तोंडात घातला नाही.

एरवी दाजी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत, पण फ्लॉवरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. विळीनं चिरायचा नाही, हातानं तुरे मोडायचे. मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर तो गड्डा शेजारच्या शेळीचा. मिठाच्या कोमट पाण्यात तुरे टाकून ते शेजारी मांडी घालून बसायचे आणि अळ्या वर येण्याची वाट पाहायचे. मग स्वतः स्टोव्हला पंप मारायचे, ज्योतीचा आवाज मनासारखा लागेपर्यंत. फोडणी, तुरे, वर झाकण, झाकणावर पाणी. आणि मग इंजिनाला लावायचे तसा कढईला कान. आमच्या घरात नळ सुरू असला तरी त्या वेळी तो बंद करावा लागे. पाचसात मिनिटं गेली की ते एकदम सरळ व्हायचे आणि म्हणायचे, "झाली. ताटं."

ताटं आधीच मांडलेली असायची, आम्हीही अर्धा तास आधीपासून मांडलेलेच असायचो. "मानसानं भाजीची वाट बघायची, भाजीनं मानसाची न्हाई," हा त्यांचा नियम. भाजी वाढली की तुरा भाकरीच्या तुकड्यात धरायचा म्हटलं तर धरवत नसे, निसटून आमटीत पडे. चावताना तिघांच्या दातांचा आवाज असा यायचा की शेजारची म्हातारी एकदा विचारायला आली होती, लाडवाचा चुरमा कुटताय का म्हणून.

आक्का दर वेळी एकच वाक्य म्हणायची. "कच्ची हाय."

दाजी दर वेळी एकच उत्तर द्यायचे. "कच्ची न्हाई, जित्ती हाय. शिजली म्हंजी मेली पाहिजे असं कुठंय?"

हे संवाद मी दोन हिवाळे ऐकले. सुरुवातीला हसलो, मग मध्यस्थी केली, मग ताटात मान घालून भाकरी मोडायला शिकलो. आक्काला फ्लॉवर मऊ लागायचा, काळ्या मसाल्यात, शेंगदाण्याचा कूट घालून, तुरा कुठला आणि रस कुठला हे कळू नये इतका. दाजी सकाळी कामावर गेले की ती रात्रीची उरलेली भाजी गुपचूप पुन्हा स्टोव्हवर ठेवायची, पाणी घालून मनासारखी गरगट करायची आणि आम्ही दोघं दुपारी ती खायचो. दाजींना हे माहीत होतं. घरात पाऊल टाकताच ते वास घ्यायचे आणि कुणी गेल्यासारखे गप्प बसायचे. मला स्वतःला भाजी कशी आवडायची हे त्या दोन वर्षांत दोघांपैकी कुणी विचारलं नाही. पुढे पुढे मलाही आठवेना.

बाहेरच्या पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायचं मी टाळायचो. इंजिनांशेजारी आयुष्य गेल्यामुळे त्यांना आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नव्हता. गल्लीतल्या एका तेराव्याच्या जेवणात त्यांनी कोबीचा घास घेतला, माझ्याकडे कलले आणि कुजबुजले, "पाव्हणं, मानूस तेरा दिसांमागं गेला. भाजी त्याच्याबी आधी गेल्याली दिसतीया." ते कुजबुजणं तीन ओळी पलीकडे बसलेल्या मयताच्या मुलाला ऐकू गेलं. आक्का महिनाभर त्या घरावरून गेली नाही, मागच्या बोळातून जायची.

इथपर्यंत ठीक होतं. मग माझं लग्न निघालं.

मुलगी राजूरची, आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पलीकडची, डोंगरातली. मी जाऊन पाहून आलो होतो आणि मला ती आवडली होती. तिनं चहाची बशी ठेवताना एकदाच वर पाहिलं होतं, तेवढंच, पण परतताना संगमनेरच्या स्टँडवर मी कोपरगावच्या दोन गाड्या चुकवल्या. आता तिचे वडील घर बघायला येणार होते. माझे आईवडील तेव्हा राहिले नव्हते, म्हणून बघण्यासारखं घर ते आक्काचंच. वडील माळकरी, तेव्हा आक्कानं भरल्या वांग्यांचा बेत केला. आदल्या संध्याकाळी दाजींनी सायकल लावली. दोन्ही पिशव्यांतून पाला वर आलेला होता.

"उद्याच्याला नको," आक्का म्हणाली.

"डोंगरातली मानसं हायेत," दाजी म्हणाले. "त्यांना कवा मिळायचा असला माल?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गंभीर चेहऱ्याचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्यांना अर्धा तास ताटावर बसवून ठेवलं. मग दाजींनी स्वतः वाढलं. पाहुण्यांनी तुरा तोंडात टाकला, बराच वेळ एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "भाजी शिजायची राहिली का जरा?"

दाजींनी जित्त्या भाजीचं सगळं शास्त्र त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडं असं गाईला घालत्यात."

"मंग तुमच्यात गाईला बरी चव हाय म्हनायची," दाजी म्हणाले.

ते रागानं बोलले नव्हते. त्यांना ते खरंच तसं वाटलं होतं. पण पाहुण्यांनी हात धुतला, चहाला थांबले नाहीत, आणि आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मुलगी अजून लहान आहे, पुढच्या वर्षी विचार करू. आक्कानं ते कार्ड वाचून दाजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, इंजिनाचा मोडलेला भाग पाहावा तसं.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही, तेच जास्त जड गेलं. आक्का रोज पिठलं करायची. दाजी रोज ते खायचे. फ्लॉवरच्या पिशव्या येत राहिल्या, पण त्या परस्पर शेजारी जायच्या. मी वर्कशॉपात उशिरापर्यंत थांबू लागलो. मला दाजींचा राग आला होता असं नाही, रागालासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

पंधरा दिवसांनी एका रविवारी दाजी पहाटे उठले, धुतलेलं धोतर नेसले, नवी टोपी घातली. "अकोल्याकडं एक मोटार बंद पडलीया," म्हणाले आणि गेले. हत्यारांची पिशवी खुंटीलाच होती. ती आक्कानंही पाहिली, मीही पाहिली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना ते परत आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "तारीख काढायला बोलीवलंय." आक्कानं काय झालं, कसं झालं, खूप विचारलं. ते एवढंच म्हणाले, "चांगली मानसं हायेत. मला आज जेवायला नगं. पोट भरल्यालं हाय."

काय झालं ते मला लग्नानंतर बायकोनं सांगितलं. दाजी तिच्या वडिलांकडे गेले, ओसरीवर बसले. वडिलांनी मुद्दाम बाजारातून फ्लॉवर आणवला आणि तिच्या आईला सांगितलं, ह्यांना दाखवा शिजलेली भाजी कशी असते. आईनं डाळ घालून तो चुलीवर तासभर ठेवला. तुरा नावाची वस्तू त्यात उरली नाही. सगळं घर दाजींच्या तोंडाकडे बघत होतं. दाजींनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागून घेतली, ताट बोटानं निपटलं आणि म्हणाले, "अशी भाजी आमच्या घरात कुनाला जमत न्हाई. म्हनून तर तुमची पोरगी पाहिजे."

"बाबा तिथंच विरघळले," बायको म्हणाली. "मला म्हणाले, त्या माणसाला आयुष्यात कुणी धड जेवायला घातलेलं नाही. तू घालत जा."

आणि ती घालू लागली. लग्नानंतर मला नागापूरला, नगरच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही तिथं दोन खोल्या घेतल्या. दाजी सुट्या भागांच्या खरेदीला नगरला आले की जेवायला यायचे. बायको डाळ घालून, तासभर शिजवून फ्लॉवर करायची, कौतुकानं वाटी भरायची. पहिल्या खेपेला मी काही बोलणार, तोच दाजींनी ताटाआडून माझ्या पायावर पाय दिला. आणि जेवले. दोन वाट्या. दर वेळी दोन. ज्या माणसानं तेराव्याच्या पंगतीत कोबीला सोडलं नाही, तो माझ्या घरात तो लगदा खाऊन "झ्याक" म्हणायचा आणि मी समोर बसून ते बघायचो. खोटं बोलणारे ते, पण थकायचो मी.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी जेमतेम सुटलं, विहिरींनी तळ दाखवला. इंजिनं बंद, म्हणजे दाजींचं कामही बंद. ते तीन-चार महिने आमच्याकडे आले नाहीत. आले ते एका दुपारी, वाळलेले, गळ्याची शीर वर आलेली. मांडीवरच्या पिशवीतून त्यांनी एक फ्लॉवर काढला. माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा. कुणा शेतकऱ्याच्या परसात मोरीच्या पाण्यावर आलेला. कोपरगावापासून एसटीत तो त्यांनी मांडीवर धरून आणला होता.

"ह्या साली येवढाच," ते म्हणाले. "म्हनलं, पोरीच्या हातचा खावा."

बायको तो घेऊन आत गेली. दाजी बाहेरच्या खोलीत टेकून बसले आणि त्यांचा डोळा लागला. मी आत गेलो. तिनं डाळ भिजत घातली होती. मला तेव्हा राहवलं नाही. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, जित्ती भाजी, कढईला लावलेला कान, ताटाआडचा पाय, सगळं. ती विळीवर बसून ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"इतके दिवस खाल्ली त्यांनी?" तिनं विचारलं.

"दोन-दोन वाट्या."

तिनं डाळ बाजूला सारली, विळी आडवी केली आणि तुरे हातानं मोडायला लागली. झाकणावर पाणी ठेवलं आणि दहाएक मिनिटांतच कढई उतरवली. उतरवताना तिचा हात जरा थांबला, कारण तिच्या मते ती भाजी पाहुण्याला वाढण्यासारखी नव्हती.

दाजी पाटावर बसले. त्यांनी पहिला तुरा तोंडात टाकला आणि दाताखाली त्याचा आवाज झाला. ते थांबले. आधी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी भाकरी मोडत होतो.

"पोरी," ते अगदी मायेनं म्हणाले, "आज भाजी जरा कच्ची राह्यली गं."

"घाई झाली, दाजी," ती म्हणाली. "परत ठेवू का?"

"ऱ्हाऊ दे. आता येवढ्यासाठी रॉकेल कशाला जाळतीस? खातो मी."

त्यांनी खाल्ली. तो लहानसा गड्डा, तिघांना पुरायचा नव्हताच. तिनं आपली वाटी त्यांच्या ताटात ओतली, मीही माझी पुढे केली. एक एक तुरा ते सावकाश चावत होते, डोळे मिटून. कढईत चिकटलेलं दांड्याचं बोटभर टोकसुद्धा त्यांनी मागून घेतलं. मधूनमधून मात्र, आपल्याला न आवडल्यासारखी, मान हलवत होते.

संध्याकाळी मी त्यांना मनमाड रस्त्यावरच्या थांब्यावर सोडायला गेलो. बराच वेळ गाडी आली नाही. आम्ही पाण्याबद्दल बोललो, आक्काच्या गुडघ्याबद्दल बोललो. गाडीचे दिवे लांबून दिसले तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"तिला भाजीवरनं काई बोलू नगा, पाव्हणं. नवी हाय. शिकंल हळूहळू."

मी घरी परतलो तेव्हा बायको कढई घासत होती. दाजी काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिनं राखेचा हात कढईवरून आणखी एकदा फिरवला.

"पुढच्या खेपेला आणखी थोडी आधी उतरवीन," ती म्हणाली.

पण पुढचा फ्लॉवर यायला आधी पाऊस पडायला हवा होता, आणि पावसाला अजून सहा महिने होते.